साखरेच्या चाचणीत कोळी शून्य, आणि दारात पंख वाकडे झालेल्या माश्या

गेल्या श्रावणात माझ्या परसातल्या मेलिफेरा या युरोपीय मधमाशीच्या दोन पेट्यांपैकी एकीच्या दारात रोज सकाळी दहा-बारा माश्या जमिनीवर सरपटताना दिसायला लागल्या. गवताच्या काडीवर चढायच्या, उडी घ्यायच्या, तिथंच पडायच्या. एकीला तळहातावर घेतलं तर पंख भाजलेल्या पापडासारखे आकसलेले आणि पोट आखूड. हे कोळ्याचं, म्हणजे माश्यांवर जगणाऱ्या बारक्या माइटचं लक्षण, एवढं मला माहीत होतं. म्हणून पिठीसाखरेची चाचणी केली: बरणीत माश्या साखरेत घोळायच्या आणि अंगावरून सुटलेले कोळी झाडून मोजायचे. शून्य. आठवड्यानं परत केली. एक. त्यानंतर पुन्हा शून्य.

मी खूश. कोळी नाही म्हटल्यावर पावसाळी हवेला दोष दिला, साखरेचा पाक वाढवला आणि गप्प बसलो. गणपती येईपर्यंत पोळ्याच्या सहा चौकटींवरची वसाहत अडीच चौकटींवर आली होती.

आकडा शून्य असताना पेटी का ढासळते, हा प्रश्न आता मलाच लोक विचारतात, कारण पावसाळ्यात हा प्रकार आपल्याकडं दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या पेटीत होतोच. तेव्हा मी जिथं जिथं चुकलो ते सगळं इथं लिहितो. औषधाची बाटली आणायच्या आधी एवढं तपासा.

साखर कोरडी होती का?

कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो, तिथं पिठीसाखरेचं काय होणार! चाचणी चालते ती साखर कोरडी भुकटी असते म्हणून. भुकटीमुळं कोळ्याच्या पायांची माशीवरची पकड सुटते, शिवाय अंग झाडून काढायची माश्यांची धडपड वाढते. साखर दमट असली की ती माश्यांच्या अंगावर लेपासारखी बसते. कोळी त्या लेपाखाली निवांत. बरणी हलवल्यावर आतून खुळखुळल्यासारखा भुरभुरता आवाज यायला हवा. ‘थप थप’ आवाज आला तर ती मोजणी तिथंच रद्द समजा.

दुकानातलं पाकीट आठवडाभर उघडं ठेवून वापरू नका. त्याच दिवशी घरची साखर मिक्सरला लावा, गरम करून गॅसवरून उतरवलेल्या तव्यावर स्टीलचा डबा अर्धा तास ठेवा आणि उघडीप बघून दुपारी बाराच्या पुढं पेटी उघडा. भर पावसात पेटी उघडायची तशीही नाहीच.

बरणीच्या झाकणाची जाळी ही दुसरी चूक. मी खिडकीच्या डासांच्या जाळीचा तुकडा लावला होता. मी शोधत होतो तो कोळी, म्हणजे वरोआ, साधारण दीड मिलिमीटर रुंद असतो. डासांच्या जाळीतून साखर कशीबशी पडते आणि कोळी वरच अडकतो. अडीच ते तीन मिलिमीटर भोकांची तारेची जाळी लागते. माशी अडते, कोळी खाली येतो. त्याला गुजरीतल्या, म्हणजे सराफकट्ट्यावरच्या, कारागिराची नजर लागत नाही, हार्डवेअरच्या दुकानात नमुना घेऊन जा आणि राजगिऱ्याचा दाणा त्यातून सहज पडतो का बघा.

बाकी कृती थोडक्यात. अर्धा कप माश्या, म्हणजे मेलिफेराच्या अंदाजे ३००. वर दोन मोठे चमचे साखर. एक मिनिट बरणी आडवी फिरवत घोळायची, दोन मिनिटं सावलीत ठेवायची, मग पांढऱ्या ताटावर जोरात झाडायची. ताटात थोडं पाणी घाला. साखर विरघळते आणि विटकरी ठिपके उघडे पडतात. माश्या जिवंत परत पेटीत.

पावसाळ्यात मी आता साखरेच्या फंदात पडत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घातलेलं पाणी किंवा मेडिकलमधलं स्पिरिट घेतो, त्यात त्याच अर्धा कप माश्या मिनिटभर हलवतो आणि गाळतो. यात माश्या मरतात. आईनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण वीस-पंचवीस हजारांच्या वसाहतीत तीनशे माश्या म्हणजे राणी बहरात असताना दिवसभरात घालते त्याहून कमी अंडी. आणि हा आकडा साखरेपेक्षा भरवशाचा असतो. ज्यांना मारवत नाही त्यांनी साखरच वापरावी, फक्त हवा कोरडी बघून.

माश्या कुठल्या चौकटीवरच्या घेतल्या?

मी सोयीची म्हणून कडेची चौकट उचलायचो. मधाची. तिथं बऱ्याचशा म्हाताऱ्या, चारा आणणाऱ्या माश्या. वरोआला मात्र आवडतात त्या पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या-कोष, सांभाळणाऱ्या तरण्या माश्या, कारण त्यांच्या अंगावर बसलं की अळीच्या घरापर्यंत आयती सवारी मिळते. तेव्हा नमुना घ्यायचा तो उघड्या अळ्या असलेल्या चौकटीवरचाच.

मात्र त्याच चौकटीवर राणी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. माझ्याकडून एकदा ती बरणीत गेली. साखरेची चाचणी होती म्हणून निभावलं. ताटावर झाडून झाल्यावर बरणीतून पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखी पांढरीफटक लांब माशी बाहेर आली आणि पेटीच्या दारातून आत चालत गेली. मला घाम फुटला. साबणाचं पाणी असतं तर संपलंच होतं. आधी राणी शोधा, सापडली की ती चौकट बाजूला ठेवा, न सापडली तर त्या दिवशी साबणाची चाचणी करू नका.

दोन आकडे, आणि दोन्ही फसवे

गणपतीनंतर मी दोन्ही पेट्यांची साबणाच्या पाण्यानं मोजणी केली. पहिली, म्हणजे ढासळत चाललेली: तीनशेत दोन. दुसरी, जिच्या दारात एकही सरपटणारी माशी नव्हती: तीनशेत अकरा. माझं डोकंच चालेना. निरोगी पेटीत अकरा आणि मरणाऱ्या पेटीत दोन?

आधी अकराचं बघू. बहुतेक ठिकाणी शंभर माश्यांमागं दोन ते तीन कोळी ही हालचाल करायची रेषा धरतात. तीनशेत अकरा म्हणजे शेकडा साडेतीनच्या वर, म्हणजे रेषेपलीकडं. पण हा आकडा वाचताना पेटीत पिलावा किती आहे ते बघावंच लागतं. वरोआची मादी अळीचं घर बंद व्हायच्या जरा आधी आत शिरते, झाकणाखाली अंडी घालते आणि माशीबरोबर बाहेर येते. भरपूर पिलावा असेल तेव्हा दोन तृतीयांशाहून जास्त कोळी झाकणाखाली असतात. आपल्या बरणीत येतात ते उरलेले.

दुसऱ्या पेटीत मध साठलेला होता म्हणून मी तिला पाक दिला नव्हता. बाहेर फुलोरा नाही, परागकण नाही, राणीनं अंडी घालणं जवळपास थांबवलेलं. म्हणजे कोळ्यांना शिरायला घरंच नव्हती, सगळे माश्यांच्या अंगावर. दहा हजार माश्या धरल्या तर साधारण पावणेचारशे कोळी, आणि ते सगळे मोजणीच्या आवाक्यात. हाच अकरा आकडा मार्चमध्ये, जांभूळ आणि करंज फुललेला असताना, पिलाव्यानं गच्च भरलेल्या पेटीत आला असता तर आत हजाराच्या वर कोळी निघाले असते. म्हणून वहीत नुसता आकडा लिहू नका. शेजारी बंद पिलाव्याच्या किती चौकटी ते लिहा. मी सुरुवातीला लिहीत नव्हतो, त्यामुळं जुनी दोन वर्षांची वही आता रद्दीच्या भावाची.

मग पहिल्या पेटीतले दोन?

तिथं मामांनी मदत केली. माझे सख्खे मामा नव्हेत. भुदरगडकडचे, सातेरी ही आपली देशी मधमाशी सांभाळण्यात आयुष्य गेलेलं, पाटगावला ‘मधाचे गाव’ म्हणून नाव मिळालं त्याच्या कितीतरी आधीपासून डोंगरात मधपेट्या मांडणारे. एसटीनं आले, पेटीसमोर उकिडवे बसले, दारातली एक माशी उचलून बघितली आणि म्हणाले, “साखर कशाला झाडत बसलाईस? पिलाव्याची चौकट आण हिकडं. अन् एक पांढरं ताट.”

“मामा, तीनदा मोजलंय. माशीच्या अंगावर काही नाही.”

“माशीच्या अंगावर हुडकायला लागलाईस, त्यो बसलाय पोराच्या खोलीत.”

चौकटीवरच्या माश्या त्यांनी मऊ ब्रशनं पेटीत उतरवल्या. राणी नाही याची खात्री केली. मग चौकट ताटाच्या कडेवर एका बाजूनं दोनदा ठणकन आपटली, फिरवून दुसऱ्या बाजूनं दोनदा. ताटात मेणाचा चुरा पडला आणि त्या चुऱ्यातून काहीतरी पळायला लागलं. वरोआ मी बघितला होता: राजगिऱ्याएवढा, चपटा, आडवा रुंद, विटकरी, खेकड्यासारखा हळू सरकणारा. हे तसे नव्हते. खसखशीचा दाणा कुणीतरी ओढून लांब केल्यासारखे, फिक्या तांबूस रंगाचे, आणि चपळ इतके की मोजायला बोट नेईपर्यंत ताटाच्या काठापर्यंत. चौदा मोजले, दोन-तीन निसटले.

हा ट्रोपिलिलॅप्स. मूळचा आग्या माश्यांवरचा. परदेशातल्या मार्गदर्शनात बहुतेक जागा वरोआनं खाल्लेली असते, कारण ट्रोपिलिलॅप्सचं माहेर आशिया. मेलिफेरा माशी १९६०च्या दशकात भारतात रुजवली गेली आणि हा तिच्या वाटेत आला. शहरात पाण्याच्या टाक्यांखाली, जुन्या झाडांवर आग्याची पोळी लोंबतात म्हणून ती जाळायला जाऊ नका, त्यानं काही साधत नाही.

या कोळ्याचं तोंड मोठ्या माशीच्या अंगाला भोक पाडून खाण्याजोगं नाही. तो जगतो अळ्या आणि कोषांवर. माशीच्या अंगावर असतो तो फार तर एक-दोन दिवस, पुढचं घर मिळेपर्यंत. त्यामुळं माश्या घोळून, धुऊन, कितीही नेमकेपणानं मोजल्या तरी तो हाताला लागत नाही. आणि वाढतो वरोआपेक्षा झपाट्यानं, आठवड्याभरात पुढची पिढी. मी पहिल्या पेटीला पाक पाजून राणीला अंडी घालायला लावत होतो. म्हणजे त्याच्या पंगतीला मीच वाढत होतो!

पेटी उघडल्यावर दिसणाऱ्या खुणाही तेव्हा नीट बघितल्या. पिलावा सलग नव्हता, दात पडल्यासारखा मधे मधे रिकामा. काही झाकणं कुरतडलेली, आत अर्धवट खाल्लेले कोष. काटा-चमच्यानं शंभरेक घरं उघडून बघितली. गुलाबी डोळ्यांच्या अवस्थेतले कोष त्याला बरे, पांढऱ्या अंगावर ठिपका लगेच दिसतो. वरोआ असेल तर रिकाम्या घराच्या छताला पिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, ती त्याची विष्ठा. नर माश्यांचा पिलावा आधी उघडा, वरोआची पहिली पसंती तिथंच.

म्हणून आता माझी एकाच दिवसात दोन परीक्षा असतात. बरणी वरोआसाठी, ताटावर आपटणं ट्रोपिलिलॅप्ससाठी. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायचा नाही.

तळपाटावरचा चिकट कागद

जाळीच्या तळाखाली पांढरा पत्रा किंवा पुठ्ठा सरकवून तीन दिवसांत पडलेले कोळी मोजायची पद्धत सोपी, पेटी उघडावी लागत नाही. मी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू वापरतो, कोल्हापुरात त्याची टंचाई नाही. त्यावर व्हॅसलीनचा पातळ हात. खोबरेल लावलंत तर मुंग्या येतील. आणि मुंग्या आल्या की पडलेला प्रत्येक कोळी उचलून नेतात, तुमच्या वहीत शून्य. मी एकदा सकाळी सात वाजता नऊ मोजले, दुपारी फोटो काढायला गेलो तर तीन.

स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. डेंग्यूच्या सर्वेक्षणाला आलेल्या ताईंनी वाट्या उलट्या केल्या आणि मला चांगलं सुनावलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. आता वाट्यांत जळकं इंजिन ऑइल आहे.

सातेरीवाल्यांसाठी

फुलेवाडीच्या एका मित्राचा घाबरून फोन आला होता की सातेरीच्या पिलाव्याच्या झाकणांना मधोमध बारीक भोकं पडलीत, कोळ्यानं पोखरलं. कोळ्याचा काही संबंध नाही. सातेरीच्या नराच्या घराचं झाकण टोकदार टोपीसारखं असतं आणि त्याला मधोमध भोक जन्मजातच असतं. तळपाटावर बारक्या टोप्या पडलेल्या दिसल्या तर नर बाहेर पडायचे दिवस आलेत एवढंच.

वरोआ मुळात सातेरीच्याच जातकुळीचा सोबती. १९०४ साली त्याची पहिली नोंद झाली ती जावा बेटावर, याच जातीच्या माशीवर. सातेरी त्याच्याबरोबर जगायला शिकलेली आहे: एकमेकींचं अंग साफ करते, आणि तिच्याकडं तो मुख्यतः नरांच्या पिलाव्यातच वाढतो. त्यामुळं सातेरीची पेटी खचत असेल तर आधी अळ्या बघा. घरात अळी डोकं वर करून पडलेली, चिमट्यानं उचलली तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी लोंबणारी दिसली, तर तो थाई सॅकब्रूड, विषाणूचा रोग. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात सातेरीच्या बहुतांश वसाहती यानंच गेल्या. त्यावर कोळ्याचं कुठलंही औषध टाकलं तर नुसता त्रास वाढतो. तीनशे माश्यांचा नमुनाही सातेरीच्या लहान वसाहतीतून घेऊ नका, आणि वारंवार पेटी उघडू नका. चिडली की ती घर सोडून सरळ निघून जाते.

औषध दिलं, महिन्यानं परत तेच

ऑक्झॅलिक ॲसिड झाकणाखाली पोहोचत नाही. पेटी पिलाव्यानं भरलेली असताना ते दिलं तर अंगावरचे मरतात, आतले दोन आठवड्यांत बाहेर. फॉर्मिक ॲसिडची वाफ झाकणातून आत जाते, पण पारा तिशीच्या वर असताना ते राणीला आणि पिलाव्याला बाधतं. म्हणजे आपल्या एप्रिल-मेत नकोच. हातमोजे, गॉगल, आणि वाफ तोंडावर येईल असं वाऱ्यासमोर उभं राहायचं नाही. मात्रा लेबलवरची, ऐकीव नाही. मधकोठी, म्हणजे मध साठायचा वरचा मजला, पेटीवर असताना कुठलंच औषध नाही.

मोजणी औषधाच्या आधी आणि काम पूर्ण झाल्यावर, दोन्ही वेळा. नंतरचा आकडा खाली येऊन पुन्हा पंधरा दिवसांत उसळला तर शेजारी कुठंतरी एखादी पेटी मरत असेल आणि तुमच्या माश्या तिथला मध लुटून कोळी घरी आणत असतील. पावसाळ्यात दार दोन बोटं एवढंच उघडं ठेवा.

ट्रोपिलिलॅप्सला सगळ्यात जड जातं ते पिलावा नसणं. राणीला पिंजऱ्यात तीन आठवडे ठेवलं की असलेला पिलावा बाहेर पडतो, नवी अळी नाही, आणि त्याची उपासमार होते. मी केसांना लावायच्या प्लॅस्टिकच्या रोलरची दोन्ही टोकं बंद करून पिंजरा केला. उपाय बरोबर होता, वेळ चुकली. अडीच चौकटींच्या वसाहतीत तीन आठवडे एकही नवीन माशी नाही म्हटल्यावर दसऱ्यापर्यंत मूठभर माश्या उरल्या. पिलावा शिल्लक नाही आणि ताटावर काही पडत नाही हे बघून, तिची राणी काढून, मधे पेपर घालून, त्या दुसऱ्या पेटीत मिसळल्या. तोपर्यंत दुसरीला ऑक्झॅलिक देऊन अकराचे दोन झाले होते. तिथं पिलावा जवळपास नसल्यामुळं ते नीट लागू पडलं.

यंदा मे महिन्यात तिचीच फोड करून परत दोन पेट्या केल्यात. दर दहा दिवसांनी रात्री मामांचा फोन येतो. जेवलास का, पाऊस कसा, हे नंतर. आधी, “ताटात काय पडलं?”

परवाचं सांगितलं: पहिली, बरणीत तीन, ताटात शून्य, बंद पिलावा दोन चौकटी. दुसरी, बरणीत दोन, ताटात एक. पळणारा.

“रोलर काढून ठेव,” म्हणाले. “या वेळंला सहा चौकटी हायत तवर.”